पिवळ्या दिव्याची बखर

भौतिक रसायनशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. दरवर्षी पहिल्या सत्राच्या अखेरीला, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे, फळ्यावर नर्न्स्टचे समीकरण यायचे. मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारायचे, "सर, पण याचा उपयोग काय?" मी विद्युतघट, पीएच मीटर अशी ठरलेली उदाहरणे द्यायचो आणि पुढे सरकायचो. बाहेर आवारात उभ्या असलेल्या नव्या पेट्रोल गाड्यांच्या धुराच्या नळीत हेच समीकरण आट्यांनी घट्ट बसवलेले आहे, हे मला ठाऊक नव्हते. ते कळायला निवृत्ती यावी लागली आणि साडेचार हजार रुपये जावे लागले.

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. माझी गाडी २०१४ सालची, २०१९ मध्ये जुनी म्हणून घेतलेली. एके सकाळी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तो लागलाच. गाडी तर नेहमीसारखी चालत होती. जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या कारागिराने स्टिअरिंगखालच्या खाचेत तळहाताएवढे यंत्र खोचले आणि कोड वाचला : पी ०१७१. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, सर. बदलून टाकू." बदलला. यंत्राने कोड पुसला, दिवा विझला. पाच दिवसांनी तोच दिवा, तोच कोड. पुन्हा गेलो तेव्हा तो म्हणाला, "गाडी चालतीये ना नीट? मग वरून काळी पट्टी मारून देतो. पुष्कळ जण तसंच करतात."

पट्टी मी मारू दिली नाही. त्यात सद्गुणाचा भाग थोडा आणि गेलेल्या पैशांचा राग जास्त होता. काढलेला जुना सेन्सर मात्र मागून घेतला आणि घरी आणून टेबलावर ठेवला. स्पार्क प्लगचा भाऊ शोभावा अशी ती वस्तू. टोकाला भोके पाडलेले पत्र्याचे टोपण आणि आत पांढरट चिनीमातीसारखे काही. ते काय आहे हे शोधायला बसलो आणि दोन वर्षे त्यातून उठलो नाही. हा दिवा नेमका कोणी, कधी, कशासाठी लावला, आणि तो लागला की काय समजायचे, याची ही हकिगत आहे. ती गाडीच्या कारखान्यात सुरू होत नाही, एका शहराच्या डोळ्यांत पाणी आले तिथे सुरू होते.

जुलै १९४३. अमेरिका युद्धात होती. लॉस एंजेलिसवर एके दिवशी असा धूसर पडदा उतरला की थोड्या अंतरावरचे दिसेना, डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपान्यांनी विषारी वायू सोडला की काय, अशी कुजबुज झाली. मग बोट रोखले गेले ते अलिसो स्ट्रीटवरच्या कारखान्याकडे. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाईन तयार होत असे. लोकांच्या रेट्यामुळे तो काही काळ बंद ठेवला गेला. धूसर काही हटेना. चुकीच्या आरोपीला कोंडले तर काय होते, याचे या कथेतले हे पहिले उदाहरण. शेवटचे माझ्याच गाडीतले आहे.

खरा आरोपी सापडला तो अननसाच्या वासामुळे. कॅल्टेक संस्थेतले डच वंशाचे रसायनतज्ज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाला त्याचा स्वाद कोणत्या द्रव्यांमुळे येतो, याचा अभ्यास करत होते. वासाची द्रव्ये अतिशीत करून गोळा करण्याची उपकरणे त्यांच्याकडे तयार होती. त्याच उपकरणांतून त्यांनी लॉस एंजेलिसची हवा ओढली आणि तळाशी काही थेंब उग्र वासाचा तपकिरी द्रव जमला. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकमेकांशी खेळतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनातून त्यांची टिंगल झाली. मग त्यांनी अननस सोडला आणि हवेलाच धरले. ओझोन मोजायची त्यांची एक रीत मला फार आवडते. रबर ताणून वाकवले आणि ओझोनमध्ये ठेवले की त्याला भेगा पडतात. किती मिनिटांत भेग पडली, त्यावरून हवा किती बिघडली ते कळे. लॉस एंजेलिसच्या हवेचा एक सुरुवातीचा सेन्सर म्हणजे अशी रबराची पट्टी होती.

पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० मध्ये अमेरिकी संसदेने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि मोटारींच्या धुरातले मुख्य प्रदूषक काही वर्षांत नव्वद टक्क्यांनी कमी करा, असे फर्मान काढले. हे करायचे कसे, ते त्या वेळी कोणालाच धड माहीत नव्हते. एक वाट दिसत होती. यूजीन हुद्री नावाच्या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत येऊन १९५० च्या दशकात धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र बनवले होते. आपण ज्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतो, ते. पण पेट्रोलमध्ये तेव्हा शिसे मिसळत, आणि शिसे उत्प्रेरकाचा पृष्ठभाग लिंपून त्याला निकामी करते. म्हणून आधी शिसेविरहित पेट्रोल यावे लागले. १९७५ च्या अमेरिकी गाड्यांत कन्व्हर्टर बसले.

हे पहिले कन्व्हर्टर एकच काम करत : अर्धवट जळलेले पूर्ण जाळायचे. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे काम नेमके उलटे, त्यांच्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा. एकाच डब्यात जाळायचेही आणि ऑक्सिजन काढायचाही. हे शक्य होते, पण अट अवघड होती. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ असे अगदी नेमके हवे. हवा थोडी जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे निसटतात, पेट्रोल थोडे जास्त झाले की कार्बन मोनॉक्साइड निसटतो. स्वयंपाकात मीठ "अंदाजाने" घालणाऱ्या कार्बोरेटरला हे जमणारे नव्हते. पदार्थ चाखून पाहणारी जीभ हवी होती, आणि ती धगधगत्या धुराच्या नळीत टिकायला हवी होती.

ही जीभ १८९७ च्या सुमारास, मोटारीशी काहीही संबंध नसताना, ग्योटिंगेनमध्ये तयार झालेली होती.

वाल्टर नर्न्स्ट यांनी त्यांचे समीकरण १८८९ मध्ये मांडले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की झिर्कोनियासारखी ऑक्साइडे थंड असताना वीज अडवतात, पण तापली की वाहू देतात आणि पांढरीशुभ्र प्रकाशतात. त्यातून त्यांनी विजेचा दिवा बनवला. त्याचे हक्क त्यांनी एईजी कंपनीला दहा लाख मार्कांना विकले, असे सांगतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे दिवे झळकले. त्यांची खोड एकच होती. ते आधी तापवावे लागत. सुरुवातीला काडी किंवा स्पिरिटची ज्योत धरून, पुढे शेजारी बसवलेल्या तारेच्या वेटोळ्याने. टंगस्टनच्या तारेचे दिवे आले आणि नर्न्स्टचा दिवा विझला. स्वतः नर्न्स्ट मोटारींचे भलते शौकीन होते. १९१४ मध्ये पन्नाशीला आलेला हा प्राध्यापक आपली गाडी घेऊन लष्करात स्वयंसेवक चालक म्हणून दाखल झाला. त्या युद्धाने त्यांचे दोन्ही मुलगे नेले. १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आपल्या दिव्यातली ती माती एक दिवस आपल्या आवडत्या मोटारीच्या धुराची चव घेईल, हे त्यांना कोणी सांगितले असते तर ते खूश झाले असते, असे मला वाटते.

झिर्कोनियातून वाहते ते काय, हे कार्ल वाग्नर यांनी १९४३ मध्ये उलगडले (लॉस एंजेलिसवर पडदा उतरला तेच वर्ष). इट्रियासारखे दुसरे ऑक्साइड मिसळले की स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात, आणि तापल्यावर ऑक्सिजनचे आयन त्या रिकाम्या जागांतून उड्या मारत पुढे सरकतात. १९६० च्या दशकात जर्मनीतल्या बॉश कंपनीत ग्युंटर बाउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मातीची अंगठ्याएवढी, एका बाजूने बंद अशी टोपी केली आणि आतबाहेर प्लॅटिनमचा सच्छिद्र मुलामा दिला. आतून बाहेरची स्वच्छ हवा, बाहेरून धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका व्होल्टेज. हवेचे प्रत्यक्ष प्रमाण आणि नेमके प्रमाण यांच्या गुणोत्तराला अभियंते ग्रीक अक्षर लॅम्डा वापरत, म्हणून याचे नाव लॅम्डा सेन्सर.

टेबलावरच्या जुन्या सेन्सरकडे पाहत मी कागदावर आकडे घालून पाहिले. तापमान ६०० अंश सेल्सिअस धरले. धुरात एक टक्का ऑक्सिजन उरला असेल तर समीकरणातून ०.०६ व्होल्टही येत नाही. पेट्रोल किंचित जास्त झाले, की प्लॅटिनमवर उरलासुरला ऑक्सिजन जळून जातो, त्याचा आंशिक दाब १ वर वीस शून्ये देऊन भागावे इतका खाली जातो, आणि उत्तर येते सुमारे ०.८४ व्होल्ट. मधली पायरी जवळजवळ उभी कड्यासारखी. म्हणूनच संगणक ०.४५ व्होल्टची रेघ आखतो. वर गेला तर पेट्रोल जास्त, कमी करा. खाली आला तर हवा जास्त, पेट्रोल वाढवा. इंजिन चालू असेपर्यंत हे वर-खाली अखंड चालते. तीस वर्षे शिकवलेल्या लॉगॅरिदमला इतके राबताना मी प्रथमच पाहिले.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढचा सारा घोळ तिच्यावर उभा आहे. या सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. समजा, एका सिलिंडरचा स्पार्क प्लग चुकला. तिथले पेट्रोल न जळताच नळीत आले, पण त्याच्याबरोबरची हवाही न जळता आली. सेन्सरला दिसतो भरपूर ऑक्सिजन, आणि तो सांगतो "हवा जास्त आहे". प्रत्यक्षात नळीत कच्चे पेट्रोल वाहते आहे. नळीला सेन्सरच्या आधी भोक पडले आणि बाहेरची हवा आत ओढली गेली, तरी तो हेच सांगतो. तो खोटे बोलत नाही. त्याला विचारलेल्या एकाच प्रश्नाचे तो उत्तर देतो.

विक्रीच्या गाडीत हा सेन्सर प्रथम बसवला व्होल्वोने, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियात जाणाऱ्या १९७७ च्या मॉडेलवर. सोबत तिन्ही प्रदूषकांवर काम करणारे उत्प्रेरक पात्र होते. कंपनीला त्याचा इतका अभिमान, की गाडीच्या पुढच्या जाळीवर "लॅम्डा सोंड" अशी पट्टी लावली. आपल्याकडे २००० च्या आसपास गाड्यांच्या पाठीवर "एमपीएफआय" ही अक्षरे मिरवत, त्यातलाच हा प्रकार.

आणि दिवा? व्होल्वोच्या डॅशबोर्डवर "लॅम्डा सोंड" लिहिलेला एक दिवा होता. तो पंधरा हजार मैल झाले की लागायचा. सेन्सर बिघडला म्हणून नव्हे, नुसते मैल मोजून. धुरातल्या शिशाने आणि काजळीने सेन्सर थकतो हे माहीत होते, पण तो थकला की नाही हे ओळखायची सोय नव्हती. म्हणून मुदत ठरवली. मेकॅनिक सेन्सर बदलायचा आणि डॅशबोर्डमागच्या मोजणीयंत्राची कळ दाबायचा, की दिवा पुढच्या पंधरा हजारांसाठी गप्प. "हा दिवा लागला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बदला" हे वाक्य त्या काळात शब्दशः खरे होते. माझ्या गॅरेजवाल्याचे निदान या हिशेबाने पंचेचाळीस वर्षे उशिरा आले, एवढेच.

डॅशबोर्डवर दिवा लावायची कल्पना मुळात त्याहून जुनी. १९३० च्या दशकात हडसन कंपनीने तेलाचा दाब आणि विजेचा भरणा दाखवणाऱ्या काट्यांच्या जागी दिवे बसवले. काटा वाचणाऱ्या जुन्या चालकांनी त्यांना "इडियट लाइट", मूर्खांचे दिवे, असे नाव ठेवले. ते दिवे गाडीच्या आणि मालकाच्या भल्यासाठी होते. तेल संपले तर इंजिन जाईल, तुझे नुकसान होईल, थांब. १९८० नंतर आलेला दिवा वेगळ्या जातीचा होता, पण तोही त्याच पंगतीत बसवला गेला, आणि लोकांनी त्याला त्याच भाषेत वाचले.

१९८१ पासून जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या पेट्रोल गाड्यांत संगणक बसवला आणि त्याच्या तक्रारीसाठी "चेक इंजिन" दिवा दिला. तक्रार काय, हे विचारायची रीत गमतीची होती. डॅशबोर्डखालच्या जोडणीच्या दोन खाचा तारेने जोडायच्या. पुष्कळ जण कागदाला लावायची टाचणीची क्लिप सरळ करून वापरत. किल्ली फिरवली की दिवा लुकलुकू लागे. एकदा लुकलुक, थोडे थांबून दोनदा : बारा. हा नमस्कार, म्हणजे यंत्रणा जागी आहे. असे तीनदा. मग खरा कोड. तेरा म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचे मंडल तुटले, चव्वेचाळीस म्हणजे धुरात हवा जास्त, पंचेचाळीस म्हणजे पेट्रोल जास्त. टोयोटात ऑक्सिजन सेन्सरच्या तक्रारीला एकवीस लुकलुकत, होंडात नुसता एक. एकाच दुखण्याला दर गावी वेगळे नाव. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने कोणाकोणाची बाराखडी पाठ करायची?

कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाला मेकॅनिकपेक्षा मोठी चिंता होती. नवी गाडी चाचणीत स्वच्छ ठरते, पण रस्त्यावर काही वर्षांनी तिचा सेन्सर मरतो, कन्व्हर्टर थकतो, आणि गाडी मात्र झकास धावत राहते. मालकाला पत्ता लागत नाही, कारण त्याला काहीच त्रास होत नाही. त्रास होतो तो मागून चालणाऱ्याला. म्हणून मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून सक्ती केली, की गाडीने स्वतःची धूरयंत्रणा स्वतः तपासावी आणि बिघाड झाला तर दिवा लावावा. ही ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्सची, ओबीडीची, पहिली पायरी. दुसरी, ओबीडी-२, १९८९ मध्ये मंजूर झाली, १९९४ पासून गाड्यांत येऊ लागली आणि १९९६ पासून अमेरिकाभर सक्तीची झाली. सर्व कंपन्यांची सोळा टोकांची एकच खाच, आणि कोडची एकच भाषा.

या भाषेचे व्याकरण सोपे आहे. पहिले अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची बाजू. पुढचे शून्य म्हणजे सर्वांना समान कोड, एक असेल तर त्या कंपनीचा खासगी. तिसऱ्या जागी १ म्हणजे हवा-पेट्रोलचा हिशेब, ३ म्हणजे ठिणगी, ४ म्हणजे धूरशुद्धी. पी ०१३० पासून पुढचे बरेच कोड ऑक्सिजन सेन्सरचे. ०१३१ व्होल्टेज कमी, ०१३२ जास्त, ०१३३ सेन्सर सुस्त, ०१३५ त्याला तापवणारी तार तुटली. ही तार १९८२ पासून येऊ लागली. नर्न्स्टच्या दिव्याला जे वेटोळे लागे, तेच इथे. थंड सेन्सर आंधळा असतो. ०१७१ आणि ०१७२ मात्र सेन्सरचे कोड नाहीत. संगणक म्हणतो, सेन्सरचे ऐकून मी पेट्रोल वाढवत गेलो, वाढवत गेलो, माझी मर्यादा संपली, तरी तो "हवा जास्त" म्हणतोच आहे. हा ०१७१. उलट ०१७२. म्हणजे सेन्सर इथे साक्षीदार आहे. माझ्या गॅरेजने साक्षीदाराला फाशी दिली आणि नवा साक्षीदार आणून बसवला. त्याने तीच साक्ष दिली.

पी ०४२० ची कथा याहून नाजूक. ओबीडी-२ ने कन्व्हर्टरच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर बसवायला लावला. पुढचा सेन्सर वर-खाली नाचत असतो. कन्व्हर्टर निरोगी असेल तर तो आपल्या पोटातल्या सिरियममध्ये ऑक्सिजन साठवतो आणि गरजेला सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचा आलेख संथ राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला, म्हणजे मधल्या डब्यात साठवण उरली नाही. तेव्हा ०४२० उमटतो. इथेही कित्येक जण मागचा सेन्सर बदलतात.

दिवा कधी लागावा याचेही नियम ठरले. बिघाडामुळे धूर मर्यादेच्या साधारण दीडपट होईल, अशा बेताने बहुतेक मर्यादा बांधल्या. बहुतेक बिघाडांत पहिल्या फेरीत नुसती नोंद, दुसऱ्या फेरीतही तोच दोष दिसला तर दिवा. ओळीने तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा विझतो, पण कोड आठवणीत राहतो. इंजिन चाळीस वेळा पुरते तापून निवले आणि दोष पुन्हा दिसला नाही, की कोडही पुसला जातो. दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबायचे. ठिणगी चुकून कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळते आहे आणि डबा वितळायच्या बेतात आहे. "चेक इंजिन" हे नावच दिशाभूल करणारे आहे, असे माझे मत झाले आहे. तो इंजिनाविषयी मालकाशी कमी आणि हवेविषयी कायद्याशी जास्त बोलतो.

मात्र दिवा ज्या संगणकाच्या हातात, तो संगणक कंपनीच्या हातात. १९९१ ते १९९५ च्या सुमारे ४ लाख ७० हजार कॅडिलॅक गाड्यांत एअर कंडिशनर लावला की इंजिन बंद पडे. जनरल मोटर्सने उपाय म्हणून नवी चिप दिली. एसी चालू झाला की ती पेट्रोल वाढवायची. सरकारी धूरचाचणी तेव्हा एसी बंद ठेवून होई. म्हणजे चाचणीत गाडी स्वच्छ, आणि रस्त्यावर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या तिप्पटीपर्यंत. नोव्हेंबर १९९५ मध्ये कंपनीने सरकारशी सुमारे साडेचार कोटी डॉलरची तडजोड केली. एवढ्या गाड्यांतला ऑक्सिजन सेन्सर "पेट्रोल जास्त आहे" म्हणत राहिला असणार. त्याचे ऐकायचे नाही, असे संगणकाला शिकवलेले होते.

१९९० च्या अमेरिकी कायद्यात आणखी एक कलम होते : कोड वाचण्याची आणि दुरुस्तीची माहिती कंपनीबाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजे. मला हे कलम दिव्याइतकेच मोलाचे वाटते. भारतात या प्रश्नाला तोंड फुटले ते २५ ऑगस्ट २०१४ रोजी. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना देत नाहीत, म्हणून स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. माझ्या पहिल्या गॅरेजवाल्याला मी मनातल्या मनात पुष्कळ बोललो आहे. पण त्याला ती बाराखडी कोणी शिकवली होती, हा प्रश्नही तेव्हाच पडायला हवा होता.

आपल्याकडे कन्व्हर्टर आले ते १ एप्रिल १९९५ पासून, मुंबईसह चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना, शिसेविरहित पेट्रोलसोबत. पुष्कळ गाड्यांत तेव्हा कार्बोरेटरच होता. म्हणजे डबा आला, जीभ आली नाही. मुंबईची गाडी गणपतीला कोकणात निघाली की वाटेतल्या पंपावर शिसेविरहित मिळेलच, याची खात्री नव्हती. देशभर शिसे गेले ते फेब्रुवारी २००० मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्याने दिल्लीत युरो निकष आले, मग इतर शहरांत, आणि एमपीएफआयच्या जोडीने ऑक्सिजन सेन्सर आपल्या घरांत पोहोचला, कोणाला न कळता. बीएस-४ चे निकष लागू झालेल्या शहरांत १ एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आला, एप्रिल २०१३ पासून दुसरा. त्या शहरांत पुणे होते. माझी २०१४ ची गाडी त्यामुळेच बोलकी निघाली. पुण्याच्याच वेताळ टेकडीवर एआरएआय ही मोटारींची चाचणी घेणारी संस्था १९६६ पासून आहे. मी त्या टेकडीवर वर्षानुवर्षे फिरायला जात होतो.

आणि पीयूसी? मी आजवर जितक्या केंद्रांवर गेलो, तितक्या ठिकाणी सायलेन्सरमध्ये नळी घातली गेली. स्टिअरिंगखालच्या खाचेत कोणी काही खोचले नाही, डॅशबोर्डकडे कोणी पाहिले नाही. माझ्या गाडीच्या कागदावर लॅम्डाचा रकाना असतो, एक अधिक-उणे ०.०३ अशी मर्यादाही छापलेली असते. पिवळा दिवा लागलेला असतानाही माझी गाडी एकदा पास झाली होती. इंजिनाचे फेरे वाढवून मोजतात, आणि माझा दोष फेरे वाढले की लपणारा होता.

तो दोष दुसऱ्या गॅरेजमधल्या मुलीने शोधला. आयटीआय केलेली, विशीतली. तिने कोड वाचून यंत्र बाजूला ठेवले नाही. संगणक नेहमीपेक्षा किती पेट्रोल वाढवतो आहे, तो आकडा लावून ठेवला. गाडी उभी असताना अधिक बावीस टक्के. अॅक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर नेले, तर फक्त पाच. "सर, बाहेरून हवा घुसतीये," ती म्हणाली. "उभ्या गाडीत इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात चोरीची हवा जास्त भरते. पळताना तेवढीच चोरी दिसत नाही." माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा वेगळा सेन्सर आहे. त्याच्या पुढे, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या घडीत, तिने बोट फिरवले आणि घडी उलगडून दाखवली. आत नखाएवढ्या भेगा होत्या. तिथून न मोजलेली हवा आत जात होती. नळीचे आठशे चाळीस रुपये झाले. हागेन-स्मिट यांच्या पट्ट्या मला तेव्हा माहीत नव्हत्या. आता ती नळी जुन्या सेन्सरशेजारी टेबलावर आहे.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून मी तो आकडा अधूनमधून पाहतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, नऊला एक. त्यामुळे मिश्रणाचे नेमके प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. सेन्सर "हवा जास्त" म्हणतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. निरोगी गाडीत एवढे मावते. आधीच कुठे बारीक भेग असेल, तर मर्यादा लवकर गाठली जाईल आणि ०१७१ उमटेल, आणि कोणीतरी सेन्सर बदलेल.

नळी बदलल्यावर ती मुलगी म्हणाली होती, "कोड पुसू का, सर? का आपोआप जाऊ द्यायचा?" मी म्हटले, जाऊ दे. तिसऱ्या दिवशी दिवा विझला. मग मी कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, दर फेरीला एक रेघ मारू लागलो. चाळीस रेघा झाल्या आणि तिच्याकडे गेलो. कोड होता तिथेच होता. तिने विचारले, "जवळच्या जवळच फिरवता का गाडी?" मंडईपर्यंतच्या फेऱ्यांत इंजिनाचे पाणी सत्तर अंशांवर जातच नव्हते. त्या फेऱ्या मोजणीत धरल्याच गेल्या नव्हत्या. घरी येऊन मी अकरा रेघा खोडल्या, आणि पुढच्या रविवारी सासवडपर्यंत जाऊन आलो.